बियाण्यापासून रक्ताच्या नमुन्यापर्यंत

प्रश्न असा आला आहे: "मी पीक पैदास विभागात काम करतो. एक परदेशी संशोधन केंद्र आणि एक आरोग्य संस्था यांच्याबरोबर संयुक्त प्रकल्पाचा प्रस्ताव मला लिहायचा आहे. शेती संशोधनाने लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारतं असं खात्रीने म्हणता येईल का? त्यासाठी इतके देश, इतक्या संस्था एकत्र आणायची खरंच गरज असते का, की हा सगळा निधी मिळवण्याचा मामला आहे?"

शेवटचा भाग तुम्ही उघड विचारलात हे बरं केलंत. निधीचा मामला थोडाफार असतोच. काही देणगीदार तीन खंडांतले भागीदार असल्याशिवाय अर्ज उघडूनही पाहत नाहीत, आणि मग नकाशावर ठिपके वाढावेत म्हणून भागीदार शोधले जातात. अशा प्रकल्पांत मीही सह्या केल्या आहेत. पण खरी गरजही असते. ती कुठे असते आणि कुठे नसते, हे सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सुधारतं, पण आपोआप सुधारत नाही. शेतात पीक वाढलं की घरातल्या लहान मुलाचा रक्तक्षय कमी होणारच, असं धरून चालण्यात आमच्या क्षेत्राने बरीच वर्षं घालवली. पैदासकार आणि पोषणतज्ज्ञ यांच्या मधल्या जागेत मी वीसेक वर्षं काम केलं आहे. 'परिणाम' हा शब्द दोघेही वापरतात. एकाच्या मनात हेक्टरी क्विंटल असतात, दुसऱ्याच्या मनात रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. एका खोलीत बसून दोघं तासभर माना डोलावतात आणि दोन वेगळ्या गोष्टी ठरवून बाहेर पडतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता बैठकीच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारतो, शेवटी तुम्ही नेमकं काय मोजणार?

माझं मत असं बनलं आहे की वाण निवडण्याच्या आधी पोषणतज्ज्ञ आलेला असेल तर प्रकल्पातून काही हाती लागायची शक्यता असते. तो शेवटच्या वर्षी सर्वेक्षणापुरता आला असेल तर अहवाल चांगला निघतो, एवढंच.

एक जुनी गोष्ट आधी सांगतो, कारण नव्या लोकांना ती कुणी सांगत नाही. 1960 च्या दशकात गरीब देशांतल्या कुपोषणाचं मूळ म्हणजे प्रथिनांची कमतरता, असं बहुतेक तज्ज्ञ मानत. 1964 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ओपेक-2 हे जनुक असलेल्या मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल नेहमीच्या मक्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. उत्साहाची लाट आली, जगभर पैदास कार्यक्रम सुरू झाले. पण त्या मक्याचे दाणे मऊ आणि वजनाला हलके, साठवणीत कीड लवकर लागायची, उत्पादनही कमी. शेतकरी तो कशाला लावतील? तेवढ्यात 1970 च्या दशकात पोषणशास्त्राने भूमिका बदलली. प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले गेले, आणि बहुतेक मुलांना फक्त प्रथिनं नव्हे तर एकूण अन्नच कमी पडतंय, असा सूर लागला. पैदासकार ज्या प्रश्नावर मेहनत घेत होते तो प्रश्नच निम्मा सरकला. मेक्सिकोतल्या सिमिट या मका आणि गव्हावरच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात पैदासकार सुरिंदर वसल आणि धान्यरसायनतज्ज्ञ एव्हँजेलिना विलेगास यांनी मात्र काम सोडलं नाही. दाणा टणक आणि लायसिन भरपूर, असे वाण त्यांनी तयार केले आणि 2000 मध्ये दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशात मला महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत: एक जण शेतात निवड करत होता, दुसरी त्याच दाण्यांचं पृथक्करण करत होती, आणि पुढच्या हंगामात काय पेरायचं हे दोघांच्या आकड्यांवर ठरत होतं.

सूक्ष्मपोषकद्रव्यांच्या बाबतीत हा धडा बऱ्यापैकी वापरला गेला. 2003 मध्ये हार्वेस्टप्लस कार्यक्रम सुरू झाला. पिकाच्या दाण्यातच लोह, जस्त किंवा अ जीवनसत्त्व पैदाशीने वाढवायचं, ही त्याची कल्पना. ते किती वाढवायचं याचं गणित त्यांनी उलट बाजूने मांडलं. बाई दिवसाला हे धान्य किती खाते? दळून, भिजवून, शिजवून त्यातलं किती उरतं? उरलेल्यातलं शरीर किती शोषतं? तिच्या दिवसाच्या गरजेचा किती वाटा या एका पिकाने उचलावा? या चार उत्तरांवरून पैदासकाराला एक आकडा मिळाला. राजम्याच्या जातीच्या घेवड्यात किलोमागे साधारण 50 मिलिग्रॅम लोह असतं, लक्ष्य ठरलं 94. बाजरीत 47 वरून 77. भातात जस्त 16 वरून 28. हे आकडे पैदासकाराला आवडोत न आवडोत, त्यांच्यामागचा हिशेब त्याला दिसत होता. त्या चार प्रश्नांतली पहिली दोन उत्तरं स्वयंपाकघरात जाऊन मोजावी लागतात आणि तिसरं मानवी चाचणीतून येतं. कोणत्याही एका कृषी केंद्राकडे ही सगळी माणसं नसतात. भागीदारीची पहिली खरी गरज इथे आहे.

दुसरी गरज मोजमापाची. हजारो नमुन्यांतलं लोह मोजायचं तर रासायनिक पद्धत महाग पडते, म्हणून एक्स-रे फ्लोरोसन्सची यंत्रं आली. दाणे न फोडता काही मिनिटांत आकडा मिळतो. पण ती यंत्रं प्रत्येक पिकासाठी प्रमाणित करावी लागतात. हे काम ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने अनेक देशांतल्या केंद्रांसाठी केलं, आणि ते झालं म्हणूनच एका खंडातला आकडा दुसऱ्या खंडातल्या आकड्याशेजारी ठेवता आला.

इथे एक अनुभव सांगतो. एका हंगामात आमच्या एका वाणाचं लोह एकदम दीडपट आलं. पेढे वाटायचेच बाकी होते. एका चौकस तंत्रज्ञाने त्याच नमुन्यातलं ॲल्युमिनियम पाहिलं, तर तेही भरमसाट. दाण्यात इतकं ॲल्युमिनियम असायचं कारण नाही. ते मातीत असतं. मळणीच्या जागेवरची धूळ आम्ही पोषण म्हणून मोजत होतो. तेव्हापासून लोहाचा आकडा कुणी दाखवला की मी ॲल्युमिनियमचा मागतो. तुम्हीही मागा.

आता बियाण्यांच्या देवाणघेवाणीबद्दल, कारण 'इतके देश कशाला' याचं सर्वांत चांगलं उत्तर बाजरीकडे आहे. पश्चिम आफ्रिकेत टोगो आणि शेजारच्या देशांत इनियादी नावाची स्थानिक बाजरी पिकते. दाणा मोठा, पीक लवकर तयार होणारं. टोगोच्या उत्तर भागातून आलेल्या या बाजरीतून हैदराबादजवळच्या पटांचेरू इथल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात निवड करून आयसीटीपी 8203 हा वाण तयार झाला आणि 1988 मध्ये भारतात प्रसारित झाला. तेव्हा लोहाचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. दोन दशकांनी लोह मोजायला सुरुवात झाली, तेव्हा सगळ्यात जास्त लोहाच्या वाणांमध्ये इनियादीचा वंश पुन्हा पुन्हा सापडू लागलं. आयसीटीपी 8203 च्याच आतून पुन्हा निवड करून 2012 मध्ये 'धनशक्ती' आला. त्यात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आहे.

यानंतरचा टप्पा सहसा वगळला जातो. लोह दाण्यात आहे म्हणजे ते रक्तात गेलं असं होत नाही, कारण धान्यातलं फायटेट हे संयुग लोहाला धरून ठेवतं. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ यांनी महाराष्ट्रातल्या निवासी शाळांमध्ये 12 ते 16 वयाच्या 246 मुलामुलींवर सहा महिने चाचणी घेतली. एका गटाला जास्त लोहाची बाजरी, दुसऱ्याला साधी. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्यांमध्ये ती दूर होण्याची शक्यता जास्त लोहाच्या गटात सुमारे 1.6 पट होती. पुढे त्याच चाचणीतून एकाग्रता आणि स्मरणशक्तीतही सुधारणा नोंदवली गेली. 2018 पासून भारतात नव्या बाजरी वाणांना पुढे जायचं तर किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असण्याची अट लागू झाली. मला या साखळीतला सर्वांत मोठा टप्पा तोच वाटतो. एक 'खास' वाण कितीही चांगला असला तरी तो खासच राहतो. अट आली की सगळ्याच पैदासकारांना त्या दिशेने वळावं लागतं. टोगोतला शेतकरी, पटांचेरूचा पैदासकार, न्यूयॉर्क आणि मुंबईच्या पोषणतज्ज्ञ, आणि शेवटी नियम करणारी राष्ट्रीय यंत्रणा. यातली कुठलीही कडी काढून पाहा, पुढचं काहीच उभं राहत नाही.

लगेच दुसरी बाजूही सांगतो. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 12 ते 18 महिन्यांच्या बाळांना अशीच बाजरी पूरक आहारातून दिली, तेव्हा लोहाच्या पातळीत तसा ठळक फरक दिसला नाही. त्या वयाचं बाळ खातंच किती! पीक तेच, पण पोट वेगळं. तुमच्या प्रस्तावात 'लाभार्थी: महिला आणि बालके' असं सरसकट लिहिलेलं असेल तर ते आजच बदला. कोणत्या वयाचं माणूस, दिवसाला किती ग्रॅम, हे लिहा.

घेवड्याच्या बाबतीत रवांडात विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर 128 दिवसांची चाचणी झाली. एका गटाच्या घेवड्यात किलोमागे 86 मिलिग्रॅम लोह होतं, दुसऱ्याच्या 50. जास्त लोहाच्या गटात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही वाढले. वसतिगृहातल्या तरुण मुली, रोजचं ठरलेलं जेवण, मोजता येणारा प्रश्न. चाचणीची जागा निवडण्यातच निम्मं शहाणपण असतं.

झांबियाचा मका मात्र नीट वाचावा असा आहे. केशरी मक्यात बीटा-कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. एका मोठ्या चाचणीत मुलांना सहा महिने तो खाऊ घातला. रक्तातलं बीटा-कॅरोटीन वाढलं, पण रेटिनॉल, म्हणजे रक्तातलं अ जीवनसत्त्व, वाढलं नाही. ज्यांना चाचणी फसली असं म्हणायचं होतं त्यांनी तसं म्हटलं. पण रक्तातलं रेटिनॉल शरीर यकृताच्या साठ्यातून जवळजवळ स्थिर राखतं. साठा पार आटल्याशिवाय ते घसरत नाही आणि थोडी भर पडली म्हणून चढतही नाही. त्याच चाचणीत कमतरता असलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांचा अंधारातला प्रतिसाद सुधारलेला आढळला, आणि यकृतातला साठा मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीने केलेल्या वेगळ्या चाचणीत साठा वाढल्याचं दिसलं. जस्ताचं दुखणं याहून अवघड आहे. रक्तद्रवातलं जस्त हे इतकं बोथट माप आहे की जस्तयुक्त भात आणि गव्हाच्या चाचण्यांत ते फारसं हलत नाही. म्हणून मोजमाप कोणतं, हा निर्णय पैदासकाराने 'ते आरोग्यवाले बघतील' म्हणून सोडून द्यायचा नसतो. दहा वर्षांच्या कामाचा निकाल त्या एका नळीत असतो.

मग रताळं. या विषयात मला सर्वांत जवळचं वाटणारं काम तेच. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी पांढऱ्या गराचं रताळं खातात आणि त्यात अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने जवळजवळ काही नसतं. केशरी गराच्या रताळ्याचे 125 ग्रॅम लहान मुलाची दिवसाची गरज भागवू शकतात. पेरूतल्या लिमा इथलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र, मोझांबिक आणि युगांडाचे राष्ट्रीय कार्यक्रम आणि हार्वेस्टप्लस यांनी मिळून हे काम उभं केलं. मारिया अंद्रादे आणि रॉबर्ट म्वांगा हे पैदासकार, जॅन लो या कृषी अर्थतज्ज्ञ. या तिघांना हार्वेस्टप्लसच्या हॉवर्थ बुईस यांच्यासह 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आधी चवीचा अडथळा होता. केशरी रताळं ओलसर, तर मोठ्यांना कोरडं, पिठूळ रताळं हवं असतं. मुलांना ओलसर चालतं. म्हणून कोरड्या पदार्थाचं प्रमाण जास्त असलेल्या स्थानिक वाणांशी संकर करावे लागले, तेही अवर्षणात टिकणारे. मोझांबिकमध्ये गाड्या आणि बाजारातल्या टपऱ्यासुद्धा केशरी रंगवल्या होत्या. रंग ही लाज न राहता ओळख व्हावी, हा त्यामागचा विचार.

पण खरी अडचण बेण्याची होती. रताळं बियाण्यावर वाढत नाही, वेलाच्या तुकड्यांवर वाढतं. लांब कोरड्या हंगामात वेल वाळून जातात आणि पाऊस आल्यावर लावायला काही उरत नाही. इतक्या मोठ्या पोषण कार्यक्रमाचं गाडं अडायचं ते या वाळलेल्या वेलांपाशी. त्यावर काढलेला उपाय साधा आहे: काढणीनंतर लहान, निरोगी रताळी कोरड्या वाळूत थरांनी पुरून ठेवायची आणि पावसाच्या काही आठवडे आधी वाफ्यात लावून पाणी घालायचं. फुटवे येतात, ऐन वेळी बेणं तयार. माझ्या मते या एका युक्तीने जितकं पोषण वाचवलं तितकं कित्येक परिषदांनी वाचवलं नसेल.

2006 ते 2009 या काळात मोझांबिक आणि युगांडात सुमारे 24,000 कुटुंबांपर्यंत हा कार्यक्रम नेला आणि त्याचं मूल्यमापन कुटुंबगटांची यादृच्छिक निवड करून केलं. स्त्रिया आणि मुलांच्या आहारातलं अ जीवनसत्त्व स्पष्ट वाढलं. मोझांबिकच्या आकडेवारीवरच्या एका नंतरच्या अभ्यासात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये अतिसाराचं प्रमाणही घटलेलं दिसलं. धोरण ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक निष्कर्ष मोलाचा होता: एका गटाला पहिलं वर्षभरच सघन प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला जवळपास तीन वर्षं. परिणामात फारसा फरक पडला नाही. म्हणजे पुढचा विस्तार बराच स्वस्तात करता येईल, हे आधीच कळलं. मूल्यमापनात कमी आणि जास्त खर्चाची अशी तुलना ठेवायला हवी. 'परिणाम झाला का' याइतकंच 'किती कमी खर्चात झाला असता' हे विचारणारे प्रकल्प फार थोडे.

आतापर्यंत मी एकेका पोषकद्रव्याबद्दल बोललो, कारण ते मोजायला सोपं आहे. धोका असा की जे मोजायला सोपं तेच आपण महत्त्वाचं मानू लागतो. 2013 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या लेखमालेत हिशेब मांडला होता की थेट पोषणासाठीचे दहा सिद्ध उपाय 90 टक्के लोकांपर्यंत पोचवले तरी मुलांची खुंटलेली वाढ सुमारे 20 टक्क्यांनीच कमी होईल. उरलेलं शेती, पाणी, स्वच्छता, शिक्षण, उत्पन्न यांतून यायला हवं. आणि संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार 2022 मध्ये 2.8 अब्जांहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नव्हता. तो आहार म्हणजे भाज्या, डाळी, फळं, दूध, अंडी, मासे. संशोधनाचा पैसा मात्र दशकानुदशकं भात, गहू आणि मका या तिघांकडे जास्त वळला. भाजीपाल्यावरचं जागतिक केंद्र 1971 पासून तैवानमध्ये आहे आणि ते आंतरराष्ट्रीय कृषी केंद्रांच्या सीजीआयएआर या मुख्य गटात नाही. त्याला राजकीय कारणं होती, पण परिणाम आहारावर झालाच.

परसबागांचे प्रकल्प या बाजूने पाहावेत. बुर्किना फासोमध्ये हेलन केलर इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेचा घराजवळची भाजी, कोंबड्या आणि पोषणाचं शिक्षण असा एकत्र कार्यक्रम होता. इफ्प्री या अन्नधोरणावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याचं यादृच्छिक पद्धतीने मूल्यमापन केलं. लहान बाळांचं हिमोग्लोबिन सुधारलं, अतिसार कमी झाला, आयांचं कमी वजनाचं प्रमाणही घटलं. या कार्यक्रमात जमीन आणि कोंबड्या बायकांच्या हातात दिल्या होत्या, हे विसरू नका. उत्पन्न घरात येणं आणि ते ताटात येणं यांच्यामध्ये कोण खर्च करतं हा प्रश्न असतो. शिवाय बाईचा वेळ. जास्त उत्पादन देणाऱ्या पिकाला खुरपणी जास्त लागत असेल आणि ती बाईच करत असेल, तर बाळाला भरवायला कुणाला सवड उरते? तुमच्या प्रस्तावात श्रमाचे तास मोजायची तरतूद नसेल तर ती घाला. आहाराची विविधता मोजायला 15 ते 49 वयाच्या स्त्रियांसाठी दहा अन्नगटांची सोपी पद्धत आहे: आदल्या दिवशी दहापैकी किमान पाच गट खाल्ले का. एक प्रशिक्षित मुलगी दिवसात बरीच घरं करते.

अन्नातल्या विषाबद्दल थोडं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि कारण शोधता शोधता भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीपर्यंत पोचले. अफ्लाटॉक्सिन असं सापडलं. ते यकृताच्या कर्करोगाचं कारण आहे आणि ज्याला हेपटायटिस बी आहे त्याच्यासाठी धोका कैक पटींनी वाढतो. केनियात 2004 मध्ये ओलसर साठवलेल्या मक्यातून 317 जणांना विषबाधा झाली, 125 दगावले. नायजेरियातल्या आयआयटीए या उष्णकटिबंधीय शेतीवरच्या केंद्राने अमेरिकेच्या कृषी खात्यासोबत 'अफ्लासेफ' तयार केलं. विष न बनवणारी त्याच बुरशीची भावंडं ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर वाढवून पीक फुलोऱ्यात येण्याआधी दोन-तीन आठवडे हेक्टरी 10 किलो फेकायची. ती जागा आधी व्यापतात आणि विषारी बुरशीला वाव मिळत नाही. गंमत अशी की ही बुरशी आयात करून चालत नाही. प्रत्येक देशाच्या मातीतूनच तिचे निर्धोक प्रकार शोधावे लागतात. म्हणजे तंत्र बाहेरचं, पण जीव तिथलाच.

अडचण खरेदीदाराची आहे. अफ्लाटॉक्सिन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बाजारात स्वच्छ धान्याला जास्त भाव मिळत नाही. मिळतो तो कोंबडीखाद्याच्या कारखान्यांकडून, कारण विषारी खाद्याने कोंबडी वाढत नाही आणि त्यांचं नुकसान त्यांना मोजता येतं. मुलाच्या यकृतासाठी सुरू केलेलं संशोधन कोंबडीच्या हिशेबावर टिकतं. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, फक्त घरी खायला ठेवलेला मक्याचा वाटा त्या चाचणीतून सुटू नये. तो सहसा सुटतो.

जनावरांतून माणसात येणारे आजार, सिंचनाच्या पाण्यातले डास, पशुखाद्यातली प्रतिजैविकं हे सगळं शेती आणि आरोग्य यांना जोडणाऱ्या याच पुलावरचं आहे, पण तुमचा विषय पीक पैदास असल्यामुळे इथे थांबतो.

आता भागीदारीच्या कागदांकडे वळतो. बियाणं देशाबाहेरून आणायचं किंवा पाठवायचं तर 2004 पासून लागू झालेला वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार बघा. त्याच्या मूळ यादीत 64 पिकं आहेत आणि त्यांच्यासाठी ठरावीक नमुन्याचा हस्तांतर करार चालतो. भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो त्या मूळ यादीत नाहीत. पोषणाच्या दृष्टीने कळीची पिकं बाहेर राहिली आणि त्यांच्यासाठी वेगळ्या वाटाघाटी कराव्या लागतात, ज्यांत वर्ष सहज जातं. रक्ताच्या नमुन्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक देशाची नैतिकता समिती वेगळी, निर्यातीची परवानगी वेगळी.

मग वेळ. देणगीदार तीन वर्षं देतो, वाणाला आठ-दहा लागतात आणि तो गावोगाव पोचायला आणखी तितकीच. हार्वेस्टप्लसने शोध, विकास आणि प्रसार असे लांबलचक टप्पे सुरुवातीलाच आखले होते म्हणून ते टिकलं. 2012 ते 2021 या काळात सीजीआयएआरचा 'पोषण आणि आरोग्यासाठी शेती' हा संशोधन कार्यक्रम इफ्प्रीच्या नेतृत्वाखाली चालला. त्याने पैदास, अन्नसुरक्षितता, मूल्यसाखळ्या आणि धोरण ही माणसं पहिल्यांदा दीर्घकाळ एकत्र बसवली. मग पुनर्रचना झाली, नावं बदलली, माणसं पांगली. 2025 मध्ये अमेरिकेच्या यूएसएआयडी या परदेशी मदत संस्थेचा निधी थांबला तेव्हा अनेक संयुक्त कृषी प्रयोगशाळांसोबत अनेक देशांत घरोघरी होणारं लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणही अडचणीत आलं. पोषण सुधारलं की बिघडलं हे आपण ज्या आकड्यांवरून सांगतो ते बऱ्याच देशांत त्या सर्वेक्षणातूनच येतात. एकाच देणगीदारावर मोजमाप टांगून ठेवण्याची किंमत तेव्हा कळली. तुमच्या प्रकल्पातली आधाररेषेची, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची आकडेवारी कुठल्या देशाच्या कोणत्या खात्याकडे राहील हे करारातच लिहून घ्या. एका प्रकल्पात आमचे सहा वर्षांचे आहाराचे आकडे परदेशी भागीदाराच्या सर्व्हरवर होते. करार संपला, सांकेतिक शब्द बदलला, आणि आम्हाला आमचीच माहिती अर्ज करून मागावी लागली.

भागीदार निवडताना मी तीन गोष्टी बघतो. राष्ट्रीय पैदास कार्यक्रम सहीपुरता आहे की पैशाचा वाटा त्याच्याकडे जातो. पोषणतज्ज्ञाचा पगार पहिल्या वर्षापासून धरला आहे का. आणि निकाल 'काही फरक नाही' असा आला तर तो छापायला सगळे आधीच कबूल आहेत का. तिसऱ्यावर बैठकीत जरा शांतता पसरते. पसरू द्या.

तुमच्या पिकाचं आणि देशाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आकडे देऊ शकत नाही. पण प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिण्याआधी एक करा. ज्या वयाच्या माणसांसाठी हे चाललंय, त्यांतल्या तीसेक जणांच्या घरी जाऊन ते हे पीक दिवसाला किती ग्रॅम खातात ते वजनकाट्यावर मोजून आणा. आठवड्याचं काम आहे. तो आकडा 30 ग्रॅम आला तर पैदाशीने कितीही लोह वाढवलंत तरी पुरणार नाही. वेगळं पीक निवडा. 200 च्या आसपास आला तर मग ॲल्युमिनियम मोजणारी प्रयोगशाळा शोधायला लागा, आणि नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर परवानगीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.